तुमचं घड्याळ मी फोडलं, त्याबद्दल

प्रिय विलासचे बाबा,

तुम्ही देवाघरी गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते, कारण काल तुमचं घड्याळ मी फोडलं. हे माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं.

किती जीव होता तुमचा त्यात! लोहारा गावच्या कारखान्यांतून भंगारातली दातेरी चाकं आणायचात, जेवण विसरून कानशीने घासत बसायचात. तास झाला की घड्याळातलं छोटं दार उघडायचं, टिनाची बाई बाहेर येऊन उखळात मुसळाचे ठोके द्यायची. यवतमाळहून माणसं बघायला यायची. तिचं नाक तुम्ही माझ्यासारखं केलंत, तेव्हा मी शेजारणींना सांगत सुटले होते.

आणि त्याच घड्याळावरची धूळ पुसली म्हणून माझा हात मोडलात. दारव्ह्याच्या डॉक्टरला मी सांगितलं, विहिरीवर घसरले. विलास तेव्हा दारात उभा राहून सगळं बघत होता. तो तुम्हाला दिसला नाही का हो?

काल घड्याळ कुरकुरायला लागलं. आपल्या सुनेने, प्रतिभाने, दाराच्या बिजागरीला घालतात तसं स्वयंपाकाचं तेल त्यात घातलं. चाकं चिकटली आणि घड्याळ बंद पडलं.

"काहून हात लावला तू?" विलास ओरडला.

"आवाज करून राह्यलं होतं, मले वाटलं..."

पुढचं त्याने बोलूच दिलं नाही. चावी भरायची ती लोखंडी किल्ली तिच्या कपाळावर हाणली. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्याने पुन्हा हात उगारला. अगदी तुमच्यासारखा, आधी खांदा मागे नेऊन!

मी तुमचाच हातोडा उचलला. खरं सांगू? आधी विलासच्याच डोक्यावर उगारला होता. मग घड्याळावर घातला. काच फुटली, चाकं अंगणापर्यंत उडाली, ती बाईसुद्धा चेपली. मी हात दुखेपर्यंत घालत राहिले.

"आई, तू बाबाले मारलं!" विलास ढसाढसा रडायला लागला. बायकोचं रक्त फरशीवर, आणि हा रडतो कुणासाठी!

"हो," म्हटलं, "लय उशिरा मारलं."

लोक तुम्हाला कलावंत म्हणतात. होतातच तुम्ही. अजूनही तुमची आठवण येते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

प्रतिभाला टाके पडलेत. विलास म्हणतो, "घरातली गोष्ट घरातच राहू दे, आई."

नाही राहणार. उद्या मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे. पोटच्या पोराचं नाव मी स्वतः सांगेन. हे कुठे शिकला, असं त्यांनी विचारलं, तर तुमचंही सांगेन. शब्द देते.

तुमचीच,
सुमन