बायकांच्या कुंडाचा आकडा

बाबा, तुमचा थर्मामीटर अजून शाबूत आहे. गेल्या आठवड्यात तो तुमच्या जावयांच्या मांडीवर देऊन मी गाडी कोकणात उतरवली. ताम्हिणी, माणगाव, महाडजवळचं सव, खेड आणि शेवटी उन्हवरे. तुमचाच जुना रस्ता, फक्त एसटी नव्हती. रोज हिंजवडीला गाडी नेणारीला घाट म्हणजे विश्रांतीच. गरम झऱ्याला थर्मामीटर कशाला, पाय बुडवला की कळतं, असं जावई म्हणाले. पायाला अंश कळत नाहीत, असं मी त्यांना तुमच्याच सुरात सुनावलं.

दिवाळीच्या सुट्टीत इतरांचे वडील मुलांना महाबळेश्वर दाखवायचे. तुम्ही पडलात भूगोलाचे मास्तर, मला गंधकाचा वास दाखवायचात. प्रत्येक कुंडात दोरीने थर्मामीटर सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. नियम एकच: पारा पाण्यात असतानाच वाचायचा, बाहेर काढला की तो उतरतो. उन्हवऱ्याला बायकांचं कुंड वेगळं, तिथे तुम्हाला येता येईना, म्हणून दहा वर्षांच्या मला आत पाठवलंत. वाफ तोंडावर येत होती. मी थर्मामीटर बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि निवांत वाचला.

बाहेर तुम्ही पुरुषांच्या कुंडाचा आकडा लिहून उभे होतात. माझा आकडा ऐकून वहीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"पाण्यातच वाचलंस ना?"

"हो."

तुम्ही लिहून घेतलंत आणि मला भजी खायला नेलंत. त्या भज्यांची चव मला आजही आठवत नाही.

तुम्ही गेल्यावर कर्वेनगरच्या घरातलं कपाट आवरताना ती वही सापडली. दोन्ही आकडे शेजारीशेजारी, झरा एकच, आणि खाली तुमचं बारीक अक्षर: 'फरकाचे कारण माहीत आहे.' मी तिथेच फरशीवर बसून रडले. चूक दाखवायची संधी पुण्यात कोण सोडतं? तुम्ही सोडलीत, आणि तीही मास्तर असून. म्हणून ठरवलं, खरा आकडा आणायचा आणि त्याच पानावर लिहायचा.

बायकांच्या कुंडात तशीच वाफ. मी ऐटीत पायरीवर बसले, दोरी सोडली, वाकले. चष्म्यावर वाफ धरली. तो काढला तर आकडे दिसेनात, लावला तर काहीच दिसेना. चार वेळा प्रयत्न केला. शेजारी पाय शेकत बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाय, वर काढून बघ की." मी वर काढला, ओढणीला पुसला आणि निवांत वाचला.

बाहेर जावई वही उघडून, पेन सरसावून उभे. मीच त्यांना वाटेत नियम शिकवला होता.

"काय गं, पाण्यातच वाचलंस ना?"

मी हो म्हणाले, बाबा. पेन मात्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्या पानावर नवं काही लिहिलेलं नाही. तिथे हे पत्र ठेवते आहे.