नेर्मिन जिवंत असल्याच्या बोलण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा सरकारी वकील,
जिल्हा न्यायालय, पूर्व बॉस्निया.

विषय : वंशसंहार नाकारल्याबद्दलची माझी तक्रार पुन्हा उघडणे व येत्या शुक्रवारी घरी बंदोबस्त मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ ऑक्टोबर २०२३ चे पत्र.

महोदय,

१. मी, झिनेटा बेग्झादिच, वय ६७, मु. डोन्ये यासेन्ये, घरी एकटीच राहते. माझा मुलगा नेर्मिन, वय १७, यास जुलै १९९५ च्या वंशसंहारात गावातील इतर मुस्लिम पुरुषांसोबत नेऊन मारण्यात आले. माझ्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटलेली त्याची सात हाडे मी स्वतः दफन केली आहेत.

२. गावातील दुकानदार स्लावोल्यूब तेपावाच हे भर दुकानात मला म्हणाले, "काकू, कुठला मेलाय तुमचा नेर्मिन! जर्मनीत टॅक्सी चालवतोय. तुम्ही पुरलीत ती बकऱ्याची हाडं." लोक हसले. मी तक्रार केली. आपण कळवलेत की, सदर उद्गार अरुचीचे असले तरी ते मतस्वातंत्र्यात मोडतात व त्यातून कोणास चिथावणी मिळाल्याचे दिसत नाही.

३. ते पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला जर्मनीच्या क्रमांकावरून फोन येतात. पुरुषाचा आवाज म्हणतो, "आई, मी नेनो." हे नाव फक्त घरात होते. म्हणजे बोलणारा कधीतरी माझ्या स्वयंपाकघरात जेवलेला आहे. पोलीस ठाण्यात सांगितले, तर हवालदार म्हणाले, "मग चांगलंच झालं की, मावशी! पोरगा सापडला. आता तक्रार कसली?"

४. काल आवाज म्हणाला, "शुक्रवारी येतोय. बटाट्याची पिटा कर. कडी लावू नकोस."

५. तो नेर्मिन नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही मी एकदाही फोन आधी ठेवलेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. काल मी त्याला विचारले, थंडी आहे का तिकडे.

६. सबब विनंती की, माझी तक्रार पुन्हा उघडावी व शुक्रवारी गावाबाहेरचा एक शिपाई माझ्या घरात बसवावा. दाराबाहेर नको, आत. बाहेर कोण येईल याची भीती आहेच. पण त्याने "आई" अशी हाक मारली, तर कडी मीच काढीन. तेव्हा माझा हात धरायला कोणीतरी हवे.

शुक्रवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
झिनेटा बेग्झादिच
बुधवार, दि. १८ ऑक्टोबर २०२३

सोबत : ओळख पटल्याचा दाखला, दफनाची नोंद, आपल्या पत्राची प्रत, आलेल्या फोनच्या तारखा व वेळा (एकूण अकरा).