वजनात न बसलेले पत्र

वसाहत दवाखाना, म्सोंगा, टांझानिया
रविवार, ता. ५ मार्च १९६७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. कचरूदादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

जखमांच्या पट्ट्या उकळायला ठेवून हे पत्र लिहीत आहे. पाणी उकळेपर्यंत वीस मिनिटे मिळतात.

आगबोटीत अकरा दिवस गेले, त्यांतले सात ओकण्यात. येथे डॉक्टर नारायणरावसाहेब धरून आपल्याकडचे आम्ही तिघे स्वयंसेवक आहोत. दोन वर्षे पगार नाही. जेवण आणि खोली मिळते. जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. वहिनींच्या भाकरीला मी नावे ठेवत होतो, ती सर्व परत घेतो असे त्यांना सांगावे.

पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या रोग्याने भेटीसाठी हात पुढे केला. हाताला बोटे नव्हती. आश्रमात मी पाच वर्षे महारोग्यांच्या पट्ट्या केल्या, पण पट्टी करणे वेगळे आणि हातात हात देणे वेगळे. मी थबकलो. त्याने ते पाहिले, हसला आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून मीच आधी हात पुढे करतो, पण आता तो देत नाही.

मी आल्यापासून तिघे मेले. माती द्यायला घरचे कोणी येत नाही, आम्हीच जातो. नावे चुकू नयेत म्हणून मी तीनतीनदा विचारून वहीत लिहितो. भाषा कळत नाही, त्यामुळे माणूस मेल्यावरच त्याचे नाव नीट कळते, असे झाले आहे.

आईला सांगावे की मी रोज अंघोळीच्या वेळी सर्व अंग तपासतो. कोठे डाग नाही. तिचा राग गेला का, ते जरूर लिहावे.

आपला धाकटा,
जानराव

ता. क. हवाई टपालाला दहा ग्रॅमची मर्यादा आहे. औषधाच्या तराजूत पाकीट किंचित जास्त भरले, म्हणून कागदाचा कोरा कोपरा कापला. आता बरोबर बसते. पत्राची नक्कल वहीत आहे.

मोताळा
ता. २० मार्च १९६७

मा. डॉक्टर नारायणरावसाहेब यांस,
सविनय जयभीम वि. वि.

मी जानरावचा मोठा भाऊ. जाताना त्याने आपला पत्ता लिहून दिला होता.

शुक्रवारी मी कापसाच्या जिनिंगवर कामाला होतो. टपालवाल्याने पाकीट आईच्या हाती दिले. तिला वाचता येत नाही, पण जानरावचे पत्र ती आधी स्वतः उघडून बघते. कागदाचा कोपरा कापलेला होता. तसे पत्र मयताचे असते, ते वाचत नाहीत आणि घरातही ठेवत नाहीत, हे आपण जाणता. शेजारच्या पुंजाजीबाबांनी ते उंबऱ्याबाहेरच फाडून नाल्यात टाकले. मी आलो तेव्हा अंगणात माणसे बसली होती. मी नाल्यात उतरलो, दोन तुकडे सापडले, शाई धुऊन गेली होती.

तो कशाने गेला, किती वाजता गेला, एवढे कळवावे. शेवटचं पाणी कोनं पाजलं, असे आई दर माणसाला विचारते. त्याला वही लिहायची सवय होती, ती मिळाल्यास पाठवावी.

आपला उपकृत,
कचरू

म्सोंगा
शनिवार, ता. १ एप्रिल १९६७, दुपारी एक

ती. दादास,
शि. सा. जयभीम वि. वि.

मी जिवंत आहे. डॉक्टरसाहेबांनी आपले पत्र माझ्या हाती दिले तेव्हा मी एकाचा पाय धूत होतो. लगेच तार केली आहे.

कोपरा मीच कापला. कोपरा कापल्याचा अर्थ लहानपणापासून ठाऊक असून त्या वेळी डोळ्यांसमोर फक्त तराजूचा काटा होता. येथे मयतीचे काम माझ्याच हाती असते, तरी सुचले नाही. फाडलेल्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. आईला सावकाश वाचून दाखवावी. रडली तर रडू द्यावे, पण जेवायला घालावे.

परतीचे तिकीट मुदत संपल्यावरच मिळते. डॉक्टरसाहेब म्हणतात, अर्ज कर, पुढच्या बोटीचे बघू. पण मी गेलो तर चाळीस माणसांच्या पट्ट्या दोघांवर पडतील. आई काय म्हणते ते लवकर कळवावे, म्हणजे मला ठरवता येईल.

आपला,
जानराव

मोताळा
ता. २२ एप्रिल १९६७

चि. जानराव यास अनेक आशीर्वाद.

तुझी तार आली आणि आमच्या घरात पुन्हा रडारड झाली. तार कशाची येते ते आईला पाठ आहे. मी ओरडून सांगितले, तर म्हणाली, तू मोठा हायेस, तुले असंच सांगा लागते.

मग तुझे पत्र आले. मी दोनदा वाचले. तिने नीट ऐकले, शेवटी विचारले, हे लिहून कोन राह्यलं. जानराव, म्हणालो. तर म्हणे, माहा जानराव येवढा सांभाळून लिहिनारा, तो आपल्या हातानं कोपरा कापन काय. पुंजाजीबाबांनीही समजावले, त्यांना म्हणाली, फाडलं तुम्हीच ना.

एक वेळ जेवते. तू ये, एवढेच मी लिहिणार होतो. पण तिने मला बसवून स्वतःचे पत्र सांगितले. बोलली तसे लिहितो. एक शब्द माझा नाही.

"बाबू, तू कोन हायेस मले ठाऊक नाही. तुहं अक्षर चांगलं हाये म्हनतात. माह्या पोराच्या नावानं लिहून म्हातारीचं मन राखून राह्यला, तुले पुन्य लागन. पन आता लिहू नोको. माहा जानराव निघाला तवा मी त्याले मोटारीपावतर पोचवाले गेली नाही. मले वाटलं, नाही गेली त जानार नाही. तुही माय असन. तिनंही तुले नाहीच म्हटलं असन. कागद नोको धाडू तिले, उठ अन् घरी जाय. निंघाच्या आंधी माह्या पोराच्या मातीपाशी घडीभर बसजो. मंग जाजो. लोभ असू देजो."

तानाबाईचा अंगठा