रशियाचं रीळ

थोरवाल्ड,

पत्ता काय घालू ते कळत नाही, तरी लिहिते आहे.

कंपनी तुझ्या सिनेमांना दोन शेवट करायची. आपल्या डेन्मार्कात तू नायिकेशी लग्न करायचास, आणि रशियनांना रडायला आवडतं म्हणून त्यांच्यासाठी मरायचास. एकदा आपल्या गावच्या थिएटरात चुकून रशियाचं रीळ आलं आणि आपल्या आईने तुला बुडताना पाहिलं. ती रडत घरी आली, तर सुट्टीवर आलेला तू कॉफीत पाव बुडवून खात होतास. "मेल्या, आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणत तिने तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू हसलास. "आई, मी मेलो ना, की समजायचं, रीळ चुकलंय."

परवा तुला पुरलं. तापाने तुला आठवडाही दिला नाही. आई रडली नाही. आज सकाळी तिने कोट चढवला आणि म्हणाली, "चल कोपनहेगनला. कंपनीत सांगू, आमच्याकडे रशियाचं आलंय, आमचं द्या."

मी माझा कोट घेतला. गाडीला वेळ आहे म्हणून फलाटावर लिहिते आहे. परतीच्या वाटेसाठी तिने तिघांचा पाव बांधून घेतला आहे.

तुझी बहीण,
इंगेबोर