दाराबाहेर राहणाऱ्या चपला

आई, इटलीत लोक लग्नाला बूट घालून थेट देवासमोर जाऊन उभे राहतात. हे तुला सगळ्यांत आधी सांगायचं होतं. तू म्हणायचीस, लग्नात चपला दाराबाहेर राहतात, मग त्या घ्यायच्या कुणासाठी? तिथे त्या आत जातात, आणि कुणासाठी घेतल्यात ते लांबूनही कळतं. फ्लॉरेन्समधल्या एका चर्चसमोर आमची टूर थांबली होती आणि लग्नाचे पाहुणे येत होते. एका बाईच्या टाचा पेन्सिलीसारख्या, रस्ता सगळा दगडी, फटीफटींचा. थोडं चाललं की टाच फटीत अडकायची आणि नवरा तिला मुळा उपटावा तसा उपटून काढायचा. एका गृहस्थांनी सोनेरी बूट घातले होते, मोज्यांशिवाय, आणि पँट घोट्याच्या इतकी वर की पवना नदीला पूर आला तरी भिजली नसती. एकीच्या सपातांवर पांढरी पिसं होती. वाटत होतं, बाई कोंबडी सोलून पायात घालून आल्यात. इतकं महागाचं चामडं आणि त्यात एकही माणूस धड चालत नव्हता. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लग्नसराईच्या फॅशनबद्दल मी वर्षानुवर्षं लिहिते आहे. संध्याकाळी पान छपाईला सोडायचं असतं, म्हणून अशा कितीतरी पायांना मीच ‘रुबाबदार’ म्हटलंय. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र तुझाच आवाज कानात आला, “पाय हायेत का झुंबरं?”

तुझे बूट मला आठवतात. पिंपरीतल्या औषधांच्या कंपनीत तू पॅकिंगला होतीस आणि कंपनी तुम्हाला पांढरे कॅनव्हासचे बूट द्यायची. सुट्टीच्या दिवशी तू ते मोरीत घासायचीस आणि वाळले की त्यांना खडू फासायचीस. मावशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात तुझ्यामागे भुणभुण लावली आहे. पिंपरीच्या बाजारात चंदेरी सँडल पाहिल्या आहेत, छोट्या टाचेच्या, आणि मला त्याच हव्या आहेत. तू भाकरी थापते आहेस. मान वर न करता म्हणतेस, “चांदीच्या चपला बाहेर ठेवून कुत्र्याला दावायच्यात का? आत गेल्यावर समद्यांचे पाय सारखेच.” मी रडते. तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी तू फर्स्ट शिफ्ट करून थेट थेरगावातल्या लग्नाच्या हॉलवर आलीस. पांढरी साडी कंपनीतच नेसून, पायात तेच कंपनीचे बूट, कारण चपलेचा अंगठा सकाळी कामावर जातानाच तुटला होता. सोबत पॅकिंगमधली तुझी मैत्रीण होती. बौद्ध पद्धतीचं लग्न ती पहिल्यांदाच बघत होती. दारातच थबकली. “अगं, नवरी पांढऱ्यात, तू पांढऱ्यात. माणसाला कळायचं कसं, लग्न आहे का दुसरं काही?” तू वाकून बुटाची नाडी सोडत होतीस. म्हणालीस, “जेवायला बसलीस की कळंल. दुसऱ्या कार्यात जिलबी नसती.” ती ओशाळून हसली आणि म्हणाली, “आणि हे बूट गं?” “ते बाहेर ऱ्हानारेत. तू आत ये.” मला तेव्हा तुझी लाज वाटली होती आणि मजाही. पुढे आयुष्यभर माझं काम शब्दांशीच राहिलं, पण इतकं नेमकं उत्तर मला कधी वेळेवर सुचलं नाही.

इटलीला मी गेले ते तुझ्या नातीच्या लग्नापायी. तिनं मुलगा स्वतः निवडला. चाकणच्या कंपनीत इंजिनिअर आहे, स्वभावानं चांगला आहे. त्याच्या घरचे प्राधिकरणातल्या बंगल्यात राहतात, वडील बँकेतून निवृत्त झाले, आई शाळेत शिकवायची. सकाळी लग्न आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी रिसेप्शन त्यांच्या, असं हसतखेळत ठरलं. चहाचे कप खाली ठेवताना विहीणबाई म्हणाल्या, “बाकी सगळं तुमच्या मनासारखं होऊ द्या. साडी तेवढी रंगीत असू दे. शुभकार्यात पांढरं डोळ्यांना बरं दिसत नाही हो.” पोरगी घरी येऊन म्हणाली, “मी आजीचीच साडी नेसणार. पांढरीच. मम्मी, तू बोल त्यांच्याशी. तुला शब्दांची सवय आहे.” त्यातच विहीणबाईंनी बायकांच्या ग्रुप टूरमध्ये माझंही नाव घातलं, लग्नाआधी ओळख होईल म्हणून. म्हणजे टूर संपायच्या आत मला हा विषय मिटवायचा होता. ओळख मात्र चांगलीच झाली.

तर त्या चर्चसमोर नवरी गाडीतून उतरली. पांढराशुभ्र गाऊन, मागचा घोळ उचलायला दोन मुली. पायऱ्या चढताना तिनं गाऊन वर धरला, तर आत कॅनव्हासचे बूट. पांढरे, नाडीचे. आई, तुझेच. फक्त खडू फासलेला नव्हता. विहीणबाईंनी माझा दंड धरला. “अय्या, किती गोड! पांढऱ्यात काय खुलून दिसतेय बघा ना. परी आहे परी! आणि बूट बघितलेत? एवढ्या मोठ्या लग्नात इतका साधेपणा. याला म्हणतात क्लास.” तुझ्या पॅकिंग डिपार्टमेंटला कुणी क्लास म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी शांतपणे म्हटलं, “आमच्याकडे नवरी अशीच असते, ताई. पांढऱ्यात.” त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं पाहिलं. “अहो, पण हा गाऊन आहे.” एवढं बोलून त्या नवरीसोबत फोटो काढायला धावल्या. त्या अनोळखी पोरीच्या गळ्यात पडल्या, तिला आशीर्वाद दिला, मराठीत. फोटो मीच काढला.

बसमध्ये त्यांच्या डोक्यात नवीनच निघालं. “आपण रिसेप्शनला हिला असाच गाऊन घेऊ या का? पांढराच! माझ्या जाऊबाईंचं तोंडच बंद होईल.” मी खिडकीबाहेर बघत होते. मुलगी तीच, दिवस तोच, रंग तोच. सकाळी साडीत अशुभ आणि संध्याकाळी गाऊनमध्ये परी. आतापर्यंत मी बऱ्याच पोकळ माणसांच्या मुलाखती घेतल्या आहेत, पण इतका निर्मळ पोकळपणा क्वचितच पाहिला. यांना पांढऱ्याचं वावडं कधी नव्हतंच. वावडं होतं ते पांढरं नेसणाऱ्यांचं, आणि तेवढं वाक्य सोडून त्या बाकी सगळं बोलत होत्या. हे तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. तू म्हणाली असतीस. मी म्हटलं, “मग सकाळीही पांढरंच ठेवू या. मॅचिंग होईल.” त्या घुटमळल्या. “लोक विचारतील हो.” “सांगा, इटलीत पाहून आलो.” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे थीम! व्हाइट वेडिंग!” बस हॉटेलला पोचायच्या आत त्यांनी ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. माझं काम झालं होतं. पान वेळेवर सुटलं, फक्त मथळा खोटा होता.

घरी आल्यावर मी पोरीला हे विजयाच्या थाटात सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “मम्मी, आजीची साडी इटलीची कधीपासून झाली?” मी म्हटलं, “अगं, काम झालं ना.” “झालं. पण कुणाचं?” आणि तिनं माझ्यासमोरच सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. “काकू, सकाळची साडी थीम नाहीये. आमच्यात नवरी पांढरीच नेसते. आजी नेसली, मम्मी नेसली, म्हणून मी नेसणार. तुमच्या जाऊबाईंनी विचारलं तर हेच सांगा. इटलीचं नाव नको.” पलीकडे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला, “अगं, पण मी ग्रुपवर टाकलंय.” “मग परत टाका.” “आणि गाऊन?” “गाऊन नको. संध्याकाळी मी लाल शालू नेसते. तुमच्यात तसंच असतं ना? मला आवडेल.” शेवटी “बरं” आलं. त्या “बरं”मध्ये प्रेम नव्हतं, पण ते पोरीला चाललं. रात्री ग्रुपवर एक ओळ पडली, “साडी थीमची नाही, मुलीकडची पद्धत आहे.” तिला एकही अंगठा मिळाला नाही. खाली लगेच कुणीतरी फ्लॉरेन्सच्या आइस्क्रीमचा फोटो टाकला आणि त्याला भरपूर मिळाले.

पोरगी तुझ्यावर गेली आहे, आई. मधली एक पायरी नुसती लिहीत राहिली.

लग्न रविवारी आहे, थेरगावातच. तुझी साडी इस्त्री करून कपाटाला बाहेरून टांगली आहे, येता-जाता तिला हात लागतो. आणि ज्यासाठी हे लिहायला बसले ते अजून सांगितलंच नाही. फ्लॉरेन्समध्ये विहीणबाई आइस्क्रीमच्या रांगेत होत्या तेव्हा मी समोरच्या दुकानात गेले. काचेत चंदेरी सँडल होत्या. छोट्या टाचेच्या. त्या सबंध गावातल्या पायांना माझी मनातल्या मनात नावं ठेवून झाली होती, आणि तरी मी आत जाऊन पाय पुढे केला. बॅगेत तळाशी, स्वेटरांखाली घालून आणल्या. अजून कुणाला दाखवलेल्या नाहीत. रविवारी घालीन आणि दारात काढून ठेवीन. भंतेजी पंचशील देत असतील, तुझी नात तुझ्या साडीत उभी असेल, माझे हात जोडलेले असतील, आणि मान मधूनमधून दाराकडे वळेल, बाहेरच्या ढिगात त्या जागेवर आहेत ना ते बघायला.

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही. असता तरी मी टाकलं नसतं. तू आधी किंमत विचारली असतीस, आणि मी ती कमी करून सांगितली असती.