‘आमच्याविषयी’ हे पान

४ नोव्हेंबर २०२५
साइट पुन्हा गायब! फोनवर ‘नाशिक वधू-वर’ टाकलं की भलत्याच मंडळांची नावं येतात, आपलं नाही. तुळशीची लग्नं लागली, सीझन तोंडावर. पूर्वी लोक आमच्या नाशिकरोडच्या जिन्यावर बसून राहायचे. आता आधी फोनमध्ये शोधतात. तिथे दिसलो नाही तर आम्ही नाहीच! असंच चाललं तर मंडळ बंद. या वयात मला कोण नोकरी देणार?

दीपक येऊन गेला. साइट त्यानेच केलेली, धाकटा भाऊ म्हणून फुकटात. म्हणे, “ताई, गूगलला आपला विश्वास वाटला पाहिजे.” म्हटलं, मुलीच्या बापाला वाटला तर पुरे. “अगं, मुलीचा बाप आता गूगललाच विचारतो!”

७ नोव्हेंबर
चुलतभावाच्या हर्षालीचा साखरपुडा. दीपकने पाहुण्यांना हॉलच्या वायफायवर बसवलं आणि मंडळाला पाच-पाच तारे द्यायला लावले. नाही कोण म्हणणार? मांडवात सगळेच उदार. मामांनी लिहिलं — ‘जेवण उत्तम, मठ्ठा विशेष.’

१० नोव्हेंबर
सगळे अभिप्राय उडाले. वर गूगलची ताकीद. दीपक म्हणतो, “एकाच हॉलमधून, एकाच तासात, निम्मे आपल्याच आडनावाचे. कुणालाही कळेल.” मग तुला का नाही कळलं, शहाण्या!

१३ नोव्हेंबर
आता सरळ मार्ग. साइटवरच्या लेखाखाली खरं नाव, खरा फोटो, खरा अनुभव पाहिजे म्हणे. आत्तापर्यंत तिथे होतं ‘तज्ज्ञ मार्गदर्शक मंडळ’ आणि कुठल्यातरी गोऱ्या जोडप्याचा हसरा फोटो. मंडळात आहे कोण? मी आणि पंखा.

दिवसभर बसून लिहिलं — मी चौकशी कशी करते. स्थळ आलं की एसटीने त्या गावी जायचं. शेजाऱ्याला विचारायचं नाही. तो एकतर भांडलेला असतो, नाहीतर नात्यातला. पिठाच्या गिरणीवर जायचं. दळण होईपर्यंत बायकांना बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. पुन्हा महिन्याने जायचं, कारण घरं बदलतात. शेवटी ठणकावून लिहिलं — उंटावरून शेळ्या हाकणारं मंडळ नाही हे.

दीपक खूश. “हेच पाहिजे होतं ताई! हे दुसऱ्या कुणाकडे नाही.” मलाही बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
‘आमच्याविषयी’चं पान. स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे ते आलंच. दीपक म्हणाला, “ते कशाला? लग्न जुळवणारीचंच मोडलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील!” आणि खरं लिही म्हणून मागे कोण लागलं होतं?

लिहिलं. ‘माझं लग्न सिन्नरला झालं आणि मोडलं. माझ्या वेळी कुणी नीट चौकशी केली नव्हती. म्हणून मी करते.’ खाली नाव आणि आधारकार्डावरच्यापेक्षा बरा फोटो.

आमच्या घरात सिन्नरचं नाव कुणी काढत नाही. आईने पान वाचलं आणि भाजी निवडत बसली.

५ डिसेंबर
गूगलवर तिसऱ्या पानावर आलो.

९ जानेवारी २०२६
पहिल्या पानावर! पौष असूनही फोन. निफाडच्या एक बाई म्हणाल्या, “तुमचं ते वाचलं म्हणूनच केला फोन.” ठेवल्यावर रडले थोडी. इतकी वर्षं जे लपवलं, त्यानेच मंडळ तारलं.

२० जानेवारी
पिंपळगाव बसवंतहून लताबाई आल्या. मुलगी तेजल, पहिलं लग्न मोडलेलं, आता दुसरं बघतायत. बसायच्या आधीच म्हणाल्या, “ताई, सिन्नरचं स्थळ हाय. नवनाथ नाव. मध्यस्थ म्हणला, त्याची पहिली बायको नाशकात मंडळ चालवती. पोरीनं फोनात शोधलं तर पहिलंच तुमचं पान निघालं!”

मी खुर्ची पुढे केली.

“तुम्ही खरं लिवता. मला खरं सांगा. दुधानं तोंड पोळलंय आमचं, ताक बी फुंकून प्यायचं.”

हे काम माझं नाही, असं सांगणार होते. पण त्यांनी माझा हात धरला होता. आणि त्या घरात मी राहिले आहे, माझ्याइतकं कुणाला ठाऊक! सांगितलं. दारू नाही. हात कधी उगारला नाही. नोकरी चांगली, माणूस मऊ. पण आईपुढे तोंड उघडत नाही. माझ्या ताटात काय वाढायचं तेही सासूबाईच ठरवायच्या, आणि हा मान खाली घालून जेवायचा. तिथे सुनेला श्वास घ्यायला जागा नाही.

तिखटमीठ लावलं नाही. मनात राग असून मापात बोलले, याचा अभिमान वाटतो मला.

लताबाई जाताना म्हणाल्या, “पोरगी वाचवली माझी.”

२४ जानेवारी
लताबाईंनी सिन्नरला कारणासकट नकार कळवला. तेजलने आपल्याला अभिप्राय टाकला — पाच तारे, ‘इथे खरं सांगतात.’ दीपक नाचायचाच बाकी. “ताई, हा एक त्या साखरपुड्याच्या सगळ्यांना भारी!”

२८ जानेवारी
नवनाथचा फोन. इतक्या वर्षांनी. चिडला नव्हता. “तू सांगितलंस त्यात खोटं काही नाही, उज्ज्वला. पण आई जाऊन दोन वर्षं झाली. एकटाच असतो मी. तुला कुणी कळवलं नाही?”

नव्हतं कळवलं. मीही विचारलं नव्हतं.