ओटीपी जावेच्या घरी

मंगळवार, दिवेलागण

डोकं नुसतं तापून राह्यलं. पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भराचा आज शेवटचा दिवस. नाही भरला तं तिचं नर्सिंग बंद. म्हणून आमी दोघी मायलेकी कामरगावले सेतू केंद्रावर गेलो.

सेतूवाली म्हणे, "काकू, पोरीच्या आधारचा ओटीपी सांगा." कुठचा सांगू? आधार काढलं तवा साऱ्या घरात फोन एकच, थोरल्या जावेचा. सगळ्यायनं तिचाच नंबर देला. वावराच्या धुऱ्या-बांधावरून बोलणं बंद होऊन तीन वर्सं झाली, नंबर मात्र अजून तिचाच! बदलाले म्हणे आठ दिवस लागतीन.

सरकार म्हणते, घरबसल्या करा. कोणाच्या घरी बसून?

शेवटी तिथूनच जावेले फोन लावला.

"बाई, मी बोलून राह्यली."

"मले वाटलं, कोणी मेलं."

दातओठ खात ओटीपी मागितला. तिनं सावकाश सांगितला, दोनदा. मंग म्हणते कशी, "तुह्या बँकेचे, सिलिंडरचे मेसेज बी मलेच येतेत. तुह्या घरचा गॅस कवा संपते, सारं मालूम हाय."

फॉर्म भरला गेला. पण तीन वर्सं थे माह्या घरचं वाचून राह्यली, अन् तिच्या घरचं मले कायीच मालूम नाही. तब्येत कशी हाय, हे बी इचारलं नाही म्या.